आईचा खांदा आणि भिंतीवरची पाटी

मागच्या हंगामात कापूस वेचणी संपता संपता माझ्या आईचा उजवा हात वर जाईना. वेणी घालता येईना, फळीवरचा डबा काढता येईना. आधी तेल लावून झालं, मग शेकून झालं, मग तालुक्याच्या गावी एक्स-रे. तो नॉर्मल निघाला. "हाडाला काही नाही," म्हणाले. दुखणं मात्र जागच्या जागी. शेवटी एका डॉक्टरांनी खांद्याची सोनोग्राफी करून आणायला सांगितलं आणि आम्ही सकाळच्या एसटीनं अकोल्याला गेलो.

नंबर यायची वाट बघत बसलो होतो. समोर भिंतीवर तुम्ही-आम्ही हजारदा पाहिलेली पाटी : 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.' आईनं ती वाचली आणि मला विचारलं, "माह्या खांद्याचं अन् या पाटीचं काय घेनं-देनं रे?"

तेव्हा मी हसलो. घरी आल्यावर मात्र या प्रश्नाचा इतिहास वाचत बसलो. तो आपल्या जिल्ह्याचाही इतिहास आहे, म्हणून ही पोस्ट. थोडी लांब आहे, पण पूर्ण वाचा.

१९५८ साल. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या डॉ. इयान डोनाल्ड यांनी आवाजाच्या लहरींनी पोटातल्या गाठी आणि गर्भ दाखवणारा लेख प्रसिद्ध केला. त्याच वर्षी मूळचे ऑस्ट्रियाचे डॉ. कार्ल डुसिक यांनी सांध्यांभोवतीच्या स्नायू, टेंडन, कुर्चा यांतून या लहरी कशा जातात ते मोजून छापलं. म्हणजे पोटाची आणि सांध्याची सोनोग्राफी या तशा जुळ्या बहिणी. पुढे १९७२ मध्ये गुडघ्यामागची सूज ही पाण्याची गाठ आहे की शिरेतली गुठळी, हे सोनोग्राफीनं ओळखता येतं असं दाखवलं गेलं. १९८० च्या सुमारास ऑस्ट्रियाचे डॉ. ग्राफ यांनी तान्ह्या बाळांचे खुबे तपासायची पद्धत बसवली.

आईची तपासणी मी जवळून पाहिली. टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. ती एक्स-रेत दिसत नाही. एमआरआयमध्ये दिसते, पण त्याचा खर्च मोठा, आणि तिथं निपचित पडून राहावं लागतं. सोनोग्राफीत डॉक्टर म्हणतात, "हात वर करा, आता मागे न्या," आणि ती दोरी हलताना कुठं अडकते ते पडद्यावर दिसतं. दुखऱ्या खांद्याशेजारी चांगला खांदा ठेवून ताडून बघता येतं. किरणोत्सर्ग नाही. पण हात मात्र शिकलेला लागतो. प्रोब जरा तिरपा झाला तर चांगली दोरीसुद्धा काळी, तुटल्यासारखी दिसते. आईची दोरी थोडी फाटलेली निघाली. निदान झालं, व्यायाम सुरू झाले, आता हात डोक्यापर्यंत जातो.

मग पाटी कशाला? कारण पेटी एकच आहे. प्रोब बदलला की खांदा बघणारं मशीन गर्भ बघतं. आणि आपण ते कशासाठी वापरलं, हे सगळ्यांना माहीत आहे.

गर्भलिंग चाचणीविरुद्ध देशातला पहिला कायदा आपल्या महाराष्ट्रानं केला, १९८८ मध्ये. मुंबईतल्या महिला चळवळींनी त्यासाठी रान उठवलं होतं. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला, १९९६ पासून लागू झाला. पण तो कागदावरच राहिला, म्हणून २००० मध्ये मुंबईची 'सेहत', पुण्याची 'मासूम' आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यानंतर मशीनची नोंदणी खरी सुरू झाली आणि २००३ मध्ये कायदा आणखी कडक झाला.

आता आपल्याकडे या. २००१ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्यात ० ते ६ वयाच्या हजार मुलांमागे ९०८ मुली होत्या. २०११ मध्ये ८५५. कायदा कडक झाला त्याच दहा वर्षांत हजारामागे ५३ मुली कमी! जिजाऊंचं सिंदखेड राजा आपल्या जिल्ह्यात. १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे आपल्या बुलढाण्याच्या. आणि २०१५ मध्ये 'बेटी बचाओ' योजनेसाठी देशातले पहिले शंभर जिल्हे निवडले, त्यात आपलं नाव. हा सत्कार नव्हता राव, ही लाज होती.

२०१२ मध्ये नियम आला : हातात नेता येणारं पोर्टेबल मशीन नोंदणी झालेल्या जागेच्या आतच, भरती रुग्णांसाठी वापरायचं, नाहीतर अनेक सेवा देणाऱ्या नोंदणीकृत फिरत्या दवाखान्यात. म्हणजे एखादा हाडांचा डॉक्टर पिशवीत मशीन घालून गावातल्या शिबिराला येऊ शकत नाही. वेचणी-निंदणीनं खांदे गेलेल्या बायांनीच शहर गाठायचं, मजुरी बुडवून.

डॉक्टर मंडळींची तक्रार मला समजते. साध्या कागदी चुकीला गुन्हा मानू नका, असं म्हणत स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली होती. २०१९ मध्ये न्यायालयानं ते मानलं नाही. मला वाटतं, बरोबरच केलं. ज्यांनी कुलूप लावायची वेळ आणली, ते आपणच. डॉक्टरनं पैसे घेतले असतील, पण चाचणी मागायला घरातलीच माणसं गेली होती.

म्हणून कायदा सैल करा, असं मी म्हणणार नाही. पण कायदा पाळूनही एक गोष्ट होऊ शकते. ज्या सरकारी दवाखान्यांत नोंदणी झालेलं मशीन आहे, तिथं सांध्यांसाठीचा प्रोब द्या, एखाद्या डॉक्टरला ते शिकवा आणि आठवड्यातला एक दिवस खांदे-गुडघ्यांसाठी ठेवा. कुलूप तसंच राहू द्या, फक्त आतलं काम वाढवा. जिल्हा परिषदेतल्या आणि विधानसभेतल्या आपल्या लोकांना हे विचारायला काय हरकत आहे?

आईला हा सगळा इतिहास सांगितला. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हंजे पोरी मारल्या लोकायनं, अन् खांदे दुखून राह्यले बायायचे."

तुमच्या घरी असा खांदा असेल तर त्याला कुठवर जावं लागलं, ते खाली नक्की लिहा.