मऊ झुरक्याचा खोटा दिलासा

कामठीच्या कुठल्याही पानठेल्यावर थोडा वेळ उभं राहा, बिडीची वकिली ऐकायला मिळेल. सिगारेट कागदाची, बिडी पानाची. सिगारेटीत कारखान्याची रसायनं, बिडीत नुसता जर्दा. शिवाय तंबाखूही चिमूटभरच. हुक्क्यातला धूर पाण्यातून गाळून येतो, असं त्यानंतरची पिढी म्हणते. आता वाळलेली वनस्पती न जाळता तापवून तिची वाफ ओढायची खिशातली उपकरणं आली आहेत, आणि त्यांचे चाहते काचेची नळी बरी की स्टीलची, हवा यायची भोकं किती मोठी हवीत, झुरका गार कसा होईल, यावर तासन्‌तास बोलतात. तिन्ही पिढ्यांचा समज एकच आहे: झुरका घशाला जितका मऊ, तितका तो छातीला कमी घातक. हा समज चुकीचा आहे, आणि तो तपासून पाहायला कामठीइतकं योग्य गाव नाही.

कन्हान नदीकाठी १८२१ साली इंग्रजांनी छावणी वसवली, तिच्याभोवती हे गाव वाढलं. पुढे इथल्या घराघरांत बिडी वळली जाऊ लागली. बाबू हरदास एल. एन. यांचा जन्म १९०४ साली इथलाच. 'जय भीम' हे अभिवादन रूढ केल्याबद्दल त्यांचं नाव घेतलं जातं, पण बिडी कामगारांची संघटना उभी करून मालकांशी मजुरीसाठी भांडणारा माणूस म्हणूनही ते तितकेच मोठे होते. १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेवर निवडून गेले आणि १९३९ च्या जानेवारीत, पस्तिशीत, क्षयाने वारले. बिडी आणि छातीचा आजार या दोन गोष्टी या गावाच्या इतिहासात अशा शेजारीशेजारी आहेत.

बिडी वळताना काय होतं ते नीट पाहिलं, तर पानठेल्यावरची निम्मी वकिली तिथंच संपते. तेंदूची पानं भिजवून, ओल्या फडक्यात गुंडाळून मऊ करतात. पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कातरीने चौकोनी तुकडा कापतात, जाड शीर असेल तर ती काढून टाकतात. मांडीवर सूप, सुपात जर्दा, कापलेली पानं आणि दोऱ्याचं रीळ. बाई पानावर जर्दा पसरते, दोन्ही हातांच्या बोटांत पान फिरवते, एक टोक दुमडून बंद करते आणि दुसऱ्या टोकाकडे दोऱ्याचे वेढे देते. सगळं काही क्षणांत. पण त्या क्षणांत तिच्या बोटांना एक अंदाज पाळावा लागतो: घट्ट वळली तर हवा खेचली जात नाही, सैल वळली तर जर्दा गळतो. दोन्ही प्रकारची बिडी ठेकेदाराकडे छाटली जाते आणि छाटलेल्या बिडीची मजुरी जाते. हवेच्या वाटेचं शास्त्र या बायांना कुणी शिकवलं नाही, तरी त्यांची रोजची भाकरी त्याच्यावरच ठरते.

तेंदूचं पान निवडलं जातं, कारण ते चिवट असतं, वाळलं तरी तुटत नाही, आकार धरून ठेवतं. हा गुण वळणारीच्या सोयीचा आहे, ओढणाऱ्याच्या मुळावर येणारा आहे. सिगारेटचा कागद सच्छिद्र असतो. त्यात खडूची पूड मिसळलेली असते आणि जळणं एकसारखं राहावं म्हणून क्षारही घातलेले असतात. झुरका घेताना कागदाच्या अंगातून बाहेरची हवा आत येते आणि धूर थोडा पातळ होतो. तेंदूच्या पानातून हवा जवळजवळ येतच नाही. जो काही धूर तयार होतो तो तसाच्या तसा तोंडात. पुन्हा, हवा कमी मिळाल्यामुळे जर्दा अर्धवट जळतो, आणि अर्धवट जळणाऱ्या कुठल्याही वस्तूतून कार्बन मोनॉक्साइड आणि डांबर जास्त निघतं. चुलीत ओलं लाकूड घातल्यावर घर कशाने भरतं हे ज्या घरांनी पाहिलं आहे त्यांना हे समजावून सांगायला नको.

बिडी हातात धरून ठेवली की विझते. ती 'साधी' असल्याची खूण म्हणून हे सांगितलं जातं. प्रत्यक्षात हाच तिचा मोठा दोष आहे. ती विझू नये म्हणून ओढणाऱ्याला सतत आणि जोर लावून ओढावं लागतं. सिगारेटला मिनिटाला दोनेक झुरके पुरतात, तिथं बिडीला पाचाच्या आसपास लागतात. चिमूटभर तंबाखूचा मुद्दा इथं कोसळतो. बिडीत सिगारेटच्या पाव ते एक तृतीयांश इतकाच तंबाखू असतो हे खरं, पण तंबाखूचं वजन आणि छातीत गेलेल्या धुराचं माप यांचा सरळ गुणाकार होत नाही. किती झुरके, किती खोल, किती पातळ, यावर सगळं ठरतं.

आता प्रतिपक्षाचा सगळ्यात बळकट पुरावाही पाहू, कारण तो टाळून केलेलं खंडन लंगडं राहील. २००८ साली प्रभात झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतभरच्या मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचं आयुष्य सुमारे १० वर्षांनी, बिडी ओढणाऱ्या पुरुषांचं सुमारे ६ वर्षांनी, तर धूम्रपान करणाऱ्या बायांचं, ज्या बहुतेक बिडीच ओढतात, सुमारे ८ वर्षांनी कमी होतं असं दिसलं. म्हणजे बिडी कमी वाईट, असं यावरून कुणी म्हणेल. पण त्याआधी, २००५ साली, प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी मुंबईतल्या सुमारे दीड लाख प्रौढांवर नजर ठेवून केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष मांडले होते, आणि तिथं क्रम उलटा निघाला: तंबाखू कधीच न वापरलेल्या पुरुषांशी ताडून पाहता सिगारेटवाल्यांचा मृत्यूचा धोका १.३७ पट, बिडीवाल्यांचा १.६४ पट. दोन मोठे अभ्यास दोघांत कोण जास्त वाईट यावर भिन्न उत्तरं देतात. बिडी निरुपद्रवी आहे असं मात्र दोन्हींपैकी एकही म्हणत नाही. ज्याच्या घरातला कर्ता माणूस सहा वर्षं आधी जातो, त्याला दहापेक्षा सहा कमी हे सांगून काय उपयोग?

पाण्यातून गाळलेल्या धुराची कहाणी याहून जुनी आहे. अकबराच्या दरबारातला हकीम अबुल फतह गिलानी याने धूर शुद्ध करण्यासाठी हुक्क्याची युक्ती काढली, असं सर्रास सांगितलं जातं. तारखा जुळवून पाहिल्या तर ते टिकत नाही. अबुल फतह १५८९ साली वारला. अकबरापुढे तंबाखू आणला तो असद बेगने, विजापूरच्या वकिलातीवरून परतताना, १६०४-०५ च्या सुमारास. म्हणजे दरबारात तंबाखू पोचला तेव्हा त्याचा धूर शुद्ध करणारा म्हणून सांगितला जाणारा हकीम जाऊन पंधरा वर्षं झाली होती. असद बेगने लिहून ठेवलंय की दरबारच्या हकिमांनी तंबाखूला हरकतच घेतली होती. ही न पारखलेली वस्तू बादशहाने घेऊ नये, असं त्यांचं म्हणणं होतं. वैद्यकाची मान्यता हुक्क्याला नंतर चिकटवली गेली.

पाण्याने नेमकं होतं काय? धूर गार होतो, ओलसर होतो, त्यातले थोडे कण आणि विरघळणारे वायू पाण्यात राहतात. कार्बन मोनॉक्साइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्याला वास नाही, चव नाही, तो घशाला टोचत नाही. वर ठेवलेल्या कोळशातून त्यात भरच पडते. चिलमीच्या तोंडाला गुंडाळलेली ओली छापीही एवढंच काम करते: राख अडवते, गरमपणा कमी करते. घसा सुखावतो आणि झुरका लांबतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ च्या सूचनापत्रात म्हटलं की हुक्क्याच्या एका बैठकीत १०० किंवा त्याहून जास्त सिगारेटींइतका धूर आत जाऊ शकतो. हुक्क्याच्या निखाऱ्यांशी जोडली गेलेली मुंबईतल्या कमला मिल आवाराची आग लागली ती डिसेंबर २०१७ मध्ये. पुढच्या वर्षी महाराष्ट्राने हुक्का पार्लरांवर बंदी आणली. आगीमुळे का होईना, बंदी योग्य झाली.

मऊपणा आणि सुरक्षितपणा यांची गल्लत उघडी पडते ती 'लाइट' सिगारेटींच्या इतिहासात. फिल्टरभोवती बारीक भोकं पाडली की झुरक्यात बाहेरची हवा मिसळते आणि यंत्रावर मोजलेलं डांबर कमी भरतं. यंत्र ठरलेल्या मापाचा झुरका मिनिटाला एकदाच घेतं. माणूस तसा घेत नाही. त्याच्या रक्ताला निकोटिनची ठराविक मागणी असते; धूर पातळ मिळाला की तो जोरात ओढतो, जास्त वेळा ओढतो, नकळत बोटांनी आणि ओठांनी ती भोकंच झाकतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००१ साली सगळा पुरावा तपासून सांगितलं की या सिगारेटींनी लोकांचं आरोग्य सुधारलेलं नाही. हवेची वाट बदलली, पण पातळ धुराची तूट ओढणाऱ्याने आपल्या छातीने भरून काढली.

खोकला ही शरीराची राखण आहे. कडक, गरम धुराला छाती नकार देते आणि माणूस झुरका आखडता घेतो. धूर गार केला, मेन्थॉल घातलं, लांब नळीतून फिरवला, की नकार बंद होतो. गार केलेला धूर माणूस खोल नेतो आणि थांबवूनही ठेवतो. त्यामुळे झुरक्याचा मऊपणा हे सुरक्षिततेचं माप होऊच शकत नाही. कित्येकदा तो उलटं माप असतो.

आता उपकरणाकडे. इथं एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. न जाळता तापवणं आणि जाळणं यांत खरा फरक आहे. झुरका घेताना जळत्या टोकाचं तापमान ९०० अंशांच्या घरात जातं. या उपकरणांत ते २०० च्या आसपास ठेवतात. २००७ साली सॅन फ्रान्सिस्कोत डोनाल्ड अब्राम्स यांनी १८ जणांवर केलेल्या प्रयोगात तापवलेल्या गांजाची वाफ घेतल्यावर श्वासातला कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ वाढला नाही, धुराने मात्र वाढला. हा फायदा तापमानाचा आहे. तोंडाच्या नळीचा त्यात काही वाटा नाही, आणि नेमकं हेच चाहत्यांच्या चर्चेत हरवतं. काचेची लांब नळी वाफ गार करते, थोडा अंश तिच्या भिंतीवर चिकटतो, चव बरी लागते. स्टील लवकर तापतं, पण फुटत नाही. सिलिकॉन स्वस्त, पण वास धरतं. नळी धुता येते का आणि तापल्यावर ती स्वतः काही सोडत नाही ना, एवढेच दोन प्रश्न आरोग्याच्या बाजूने विचारण्यासारखे आहेत. बाकी सगळी निवड आरामाची आहे.

हवेच्या वाटेचंही तसंच. जाळीवर चिकट थर बसला की ओढायला जोर लागतो, हे खरं. ती साफ करावी. पण भोकं मोठी करून भरपूर हवा आत सोडली की तापवणारा भाग गार पडतो आणि वाफ विरळ येते. मग माणूस तापमान वाढवत नेतो आणि पदार्थ करपू लागतो. जळणं टाळण्यासाठी घेतलेलं उपकरण अशा रीतीने पुन्हा जळण्याकडे नेलं जातं. आणि आत तंबाखू भरला असेल, तर निकोटिन आणि त्याची गुलामी जशीच्या तशी राहते. शिवाय २०१९ च्या ई-सिगारेट बंदी कायद्याची व्याख्या रुंद आहे: निकोटिन असो वा नसो, पदार्थ तापवून ओढण्याजोगी वाफ करणारं विद्युत उपकरण तिच्यात येतं, आणि न जाळता तापवणारी उपकरणं नाव घेऊन घातलेली आहेत. ती विकणं, आयात करणं, त्यांची जाहिरात करणं यासाठी पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

तोंडाच्या नळीबद्दल काळजी करायचीच असेल तर ती मुख्यतः एका कारणाने करावी: ती एका ओठातून दुसऱ्या ओठात जाते. हुक्क्याची नळी, चिलीम, मित्रांत फिरणारं उपकरण, सगळ्यांना हे लागू. क्षयाच्या देशात हे किरकोळ नाही, आणि खुद्द धुराचाही क्षयाशी संबंध आहे. चेन्नई आणि परिसरातल्या पुरुषांच्या मृत्यूंचा अभ्यास २००३ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. भारतातल्या पुरुषांच्या क्षयमृत्यूंपैकी निम्म्यांना धूम्रपान कारणीभूत असल्याचा त्याचा निष्कर्ष होता. ज्या आजाराने बाबू हरदासांना नेलं त्याच्याशी धुराचा संबंध इतका घट्ट आहे.

तरीही पानाच्या बिडीचा समज सरकारदरबारी टिकून आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी ७.७ टक्के बिडी ओढणारे आणि ४ टक्के सिगारेट ओढणारे निघाले. म्हणजे या देशाचा धूर मुख्यतः बिडीचा आहे. असं असताना सप्टेंबर २०२५ मध्ये बिडीवरचा वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय झाला. कारण दिलं जातं ते वळणाऱ्या बायांच्या रोजगाराचं. कामठीतल्या कुठल्याही बिडी वळणारीला विचारा, कर उतरल्यावर तिच्या हजार बिड्यांची मजुरी किती वाढली. तिला हवी आहे ती नियमाने मिळणारी किमान मजुरी, छाटणीच्या नावाखालची कपात बंद होणं, आणि जर्द्याच्या धुळीत न बसता करता येईल असं दुसरं काम. बिडीवर सिगारेटइतकाच कर लावावा आणि त्यातली रक्कम या बायांसाठी वेगळी काढावी, हीच रास्त मागणी आहे.

ओढणाऱ्यांना सांगणं एवढंच, की नळी बदलून, पाणी घालून किंवा भोकं वाढवून हा प्रश्न सुटत नाही, सोडल्यावरच सुटतो. सोडायला मदत लागते, आणि ती मागण्यात कमीपणा नाही. तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत दूरध्वनी क्रमांक १८००-११-२३५६ आहे.