हरवलेला ग्रंथ आणि दोन प्रकारची स्मृती

१/ मराठीतील आद्य गद्यचरित्र मानला जाणारा ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ एकदा नाहीसा झाला होता. आज आपण वाचतो ती त्याची संहिता माणसांच्या स्मरणातून पुन्हा उभी राहिलेली आहे. अशा ग्रंथावर इतिहासाच्या अभ्यासकाने कितपत विसंबावे? त्याचे उत्तर शोधताना स्मृतीचे दोन प्रकार समजून घ्यावे लागतात. त्यासाठी हा धागा.

२/ वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यात रोहणा हे गाव आहे. तेथून वायव्येस, वर्धा नदीपलीकडे, अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर लागते. तेराव्या शतकात तेथे श्रीगोविंदप्रभूंचे वास्तव्य होते. इ.स. १२७४ च्या सुमारास चक्रधरस्वामी उत्तरेकडे निघून गेले. तेव्हा नागदेवाचार्य आणि इतर शिष्य गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात रिद्धपुरी आले.

३/ आचार्य स्वामींच्या लीळांचे नित्य स्मरण करीत. त्या लिहून ठेवाव्यात, असे म्हाइंभटांच्या मनात आले. आचार्य सांगत, म्हाइंभट लिहीत. आणि जेथे आचार्य स्वतः उपस्थित नव्हते, त्या प्रसंगांसाठी म्हाइंभट प्रत्यक्ष साक्षीदारांकडे जाऊन विचारपूस करीत. १२७८ च्या सुमारास हे काम सुरू झाले, असे सामान्यतः मानतात. म्हणजे घटना आणि लेखन यांत वर्षांचे अंतर होते.

४/ एवढे अंतर स्मृती कशी पार करते? १८९० मध्ये विल्यम जेम्स यांनी स्मृतीचे दोन भाग कल्पिले: नुकतेच मनात आलेले आणि अद्याप न निसटलेले ते प्राथमिक, मनातून गेलेले आणि पुन्हा आठवून आणावे लागणारे ते दुय्यम. आज आपण त्यांना स्थूलमानाने अल्पकालीन आणि दीर्घकालीन स्मृती म्हणतो.

५/ अल्पकालीन स्मृतीचे पात्र लहान. १९५६ मध्ये जॉर्ज मिलर यांनी तिची मर्यादा सुमारे सात घटकांची सांगितली. १९५९ मध्ये लॉइड आणि मार्गारेट पीटरसन यांनी लोकांना तीन निरर्थक अक्षरे दिली आणि लगेच उलटी गणती करावयास लावली, म्हणजे मनातल्या मनात घोकता येऊ नये. १८ सेकंदांत बहुतेक अक्षरे विस्मरणात गेली.

६/ दोन्ही स्मृती वेगळ्या, याचा मोठा पुरावा हेन्री मोलायसन या रुग्णाने दिला. १९५३ मध्ये अपस्मारावरील शस्त्रक्रियेत त्यांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पसचा बराच भाग काढला गेला. त्यानंतर काही अंक ते क्षणभर नीट धरून ठेवीत; परंतु नव्याने भेटलेला माणूस थोड्या वेळाने पुन्हा आला, तर तो त्यांना अनोळखी वाटे. क्षणिक स्मृती शाबूत होती. तिचे टिकाऊ स्मृतीत रूपांतर थांबले होते.

७/ हे रूपांतर कशाने बळावते? पुनःपुन्हा आठवण्याने, अर्थाशी जोडण्याने, ओळखीच्या जागेशी बांधण्याने. रिद्धपुरी हे तिन्ही घडत होते. स्मरण हीच तेथील साधना होती. प्रत्येक लीळेला तिचा प्रसंग होता. आणि बहुतेक लीळा गावाशी, देवळाशी, ओवरीशी निगडित होत्या. या स्थानांची नोंद करणारी ‘स्थानपोथी’ पंथाने स्वतंत्रपणे जपली.

८/ चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत मूळ पोथी गेली, असे परंपरा सांगते. मग अनुयायांनी आपापल्या स्मरणातून संहिता पुन्हा सिद्ध केली. त्यांत हिराइसा या साध्वीचे स्मरण विशेष विख्यात आहे. तिच्या नावाचा पाठही मानला जातो. पोथी गेली तरी पाठांतर उरले होते.

९/ तथापि दीर्घकालीन स्मृती म्हणजे शिलालेख नव्हे. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्ये दाखविले, की माणूस आठवताना गोष्ट नव्याने रचतो: गाभा टिकतो, तपशील सरकतात. लीळाचरित्राचे अनेक पाठ निर्माण झाले, ते यामुळेच. मात्र पंथातील लेखकांनी हे भेद पुसले नाहीत. कोणाच्या स्मरणात लीळा कशी होती, हे त्यांनी ‘वासना’ म्हणून वेगळे नोंदविले.

१०/ म्हणून अशा ग्रंथाला ‘लिखित की मौखिक’ एवढेच विचारणे अपुरे आहे. प्रसंग कोणी पाहिला, तो किती वेळा आणि कोणासमोर आठवला गेला, मतभेद राखले की दडविले, हे विचारावे. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली लीळाचरित्राची आवृत्ती १९७८ मध्ये प्रसिद्ध झाली. ती हाती आली, तर तळटिपांतील पाठभेद ओलांडून पुढे जाऊ नका. सातशे वर्षांपूर्वीची माणसे कशी आठवत होती, हे त्या टिपांतच दिसते.