रुमाल टाकून धरलेली जागा : फेस्टिव्हलमधल्या तंबूंचा छोटा इतिहास

इअरफोन नीट लावलेत ना? लोकलमध्ये उभ्याने ऐकत असाल तर आजचा विषय तुमच्यासाठीच आहे. आज बोलायचंय जागेबद्दल. जागा कुणाची? आधी आला त्याची, पैसे भरले त्याची, की जास्त गरज आहे त्याची?

सुरुवात माझ्यापासून करते, आणि त्यात मी काही फार चांगली दिसत नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही ऑफिसमधले सात जण एका म्युझिक कॅम्पला गेलो होतो. उघडं मैदान, स्टेज, रात्री तंबूत मुक्काम. आम्ही तिघं दुपारीच पोचलो, बाकीचे चार रात्री येणार होते. मग काय, जनरल डब्यात खिडकीतून रुमाल टाकतात तसं आम्ही केलं. मैदानाच्या उंच, सपाट भागात दोन मोठ्या ताडपत्र्या पसरल्या, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. जागा बुक!

संध्याकाळी एक जोडपं आलं, बरोबर पाचेक वर्षांची मुलगी. त्या काकांनी अगदी सभ्यपणे विचारलं, "इथे कोणी आहे का?" मी म्हटलं, "हो, आमचे लोक येतायत." ते "बरं" म्हणाले आणि खालच्या खोलगट भागात तंबू लावायला गेले. रात्री अकराला आमच्या मित्रांचा मेसेज आला, "प्लॅन कॅन्सल." आणि दोनला पाऊस सुरू झाला. त्या खोलगट भागात पाणी साचलं. ती मुलगी भिजून रडत होती आणि आमची एक अख्खी ताडपत्री वर रिकामी पडलेली होती. आम्ही धावत जाऊन त्यांना वर आणलं, ते नंतरचं. पण मी नियम तर कुठलाच मोडला नव्हता! तरी झोप लागली नाही.

तेव्हापासून डोक्यात एकच प्रश्न होता. हे सगळं पहिल्यांदा कुणी सोडवायचा प्रयत्न केला? वाचत गेले आणि लक्षात आलं की या भानगडीला चांगला पन्नास-पंचावन्न वर्षांचा इतिहास आहे.

चला, १९६८ मध्ये जाऊ. डिसेंबर महिना. 'सायन्स' या नियतकालिकात गॅरेट हार्डिन नावाच्या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाचा एक लेख आला. त्याचा मुद्दा साधा होता. गावाचं सामायिक कुरण आहे. प्रत्येक गुराखी विचार करतो, अजून एक गाय सोडली तर फायदा सगळा माझा, आणि नुकसान मात्र सगळ्यांत वाटलं जाणार. म्हणून सगळेच एकेक गाय वाढवत जातात आणि शेवटी कुरणच संपतं.

आता गंमत बघा. लेख आला आणि आठ-नऊ महिन्यांत खऱ्याखुऱ्या गायींच्या शेतावर याची सगळ्यात मोठी परीक्षा झाली. ऑगस्ट १९६९, वुडस्टॉक. न्यूयॉर्क राज्यातल्या बेथेल गावाजवळ मॅक्स यासगर या दूधवाल्या शेतकऱ्याची सुमारे ६०० एकर जमीन. मूळची जागा वॉलकिल गावात होती, पण तिथे परवानगी नाकारली गेली, त्यामुळे जेमतेम महिनाभर आधी सगळं इकडे हलवावं लागलं. बेथेलच्या लोकांना संयोजकांनी सांगितलं होतं की साधारण ५० हजार लोक येतील. तिकिटं आधीच विकली गेली होती सुमारे १ लाख ८६ हजार. आले चार लाखांच्या वर. कुंपण पूर्ण झालंच नव्हतं. लोक आधीच आत येऊन बसलेले. शेवटी जाहीर करावं लागलं की कार्यक्रम फुकट.

आपल्याला वुडस्टॉक म्हटलं की चिखल, प्रेम, शांती आणि पावसात वाजलेली रविशंकरांची सतार आठवते. पण मला इंटरेस्टिंग वाटतात ते 'हॉग फार्म' नावाच्या कम्यूनचे लोक. वेवी ग्रेवी त्यांचा म्होरक्या. संयोजकांनी त्यांना न्यू मेक्सिकोतून विमानाने बोलावून घेतलं होतं. त्यांचं काम काय? रानातून पायवाटा पाडायच्या, तंबूंच्या जागा साफ करायच्या, चुलींसाठी खड्डे करायचे आणि फुकट जेवणाची पंगत चालवायची. म्हणजे तिथे अगदी "या, बसा, कुठेही पसरा" असं नव्हतं. कुणीतरी आधी येऊन वाट कुठली आणि झोपायची जागा कुठली हे ठरवलं होतं.

आणि जिथे हे ठरवणं पुरं पडलं नाही, तिथे काय झालं? स्लीपिंग बॅगमध्ये झोपलेला एक १७ वर्षांचा मुलगा ट्रॅक्टरखाली सापडून गेला. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला तो दिसलाच नाही. जागेची वाटणी म्हणजे नुसता आरामाचा प्रश्न नाही, हे मला इथे पहिल्यांदा कळलं. वाट आणि झोपायची जागा यांच्यात रेघ नसेल तर माणूस मरतो.

आता एक वर्ष पुढे. इंग्लंडच्या दक्षिणेला एक छोटं बेट आहे, आइल ऑफ वाइट. तेव्हाची वस्ती लाखाच्या आसपास. तिथे फॉक्स नव्हे, फाउक बंधू, म्हणजे तीन भाऊ, संगीत महोत्सव भरवत होते. १९६९ मध्ये त्यांनी चक्क बॉब डिलनला आणलं होतं. १९७० च्या ऑगस्टअखेरीस त्यांनी आणखी मोठा घाट घातला. जिमी हेंड्रिक्स, द हू, द डोअर्स, जोनी मिचेल. पाच दिवस. तिकीट ३ पौंड.

अडचण जागेची झाली. स्थानिकांचा विरोध होता, हवी ती जागा मिळेना. शेवटी मिळालं ईस्ट आफ्टन फार्म. आणि या शेताला लागूनच आफ्टन डाउन नावाची टेकडी! टेकडीवर बसलं की स्टेज समोर दिसतं, आणि तेही फुकट. ती टेकडी 'नॅशनल ट्रस्ट'च्या मालकीची, लोकांना फिरायला खुली. खाली मात्र संयोजकांनी पत्र्यांची दुहेरी भिंत उभारली, पहारेकरी आणि कुत्रे ठेवले.

मग झाल्या दोन वस्त्या. खाली रीतसर तंबू. वर गवताचे भारे, प्लास्टिक, काठ्या, मिळेल त्यातून उभारलेल्या झोपड्या. या वस्तीला नाव पडलं 'डेसोलेशन रो', डिलनच्या एका गाण्यावरून. किती लोक जमले यावर आजही वाद आहे. सहा लाखांपर्यंतचे आकडे सांगितले जातात. पण बेटाच्या लोकसंख्येच्या कित्येक पट लोक होते यात शंका नाही.

आता दोन्ही बाजू ऐका हं. टेकडीवाले म्हणायचे, संगीत सगळ्यांचं आहे. आम्ही खुल्या जमिनीवर बसलोय. तुम्ही पत्रे ठोकून, कुत्रे आणून शांतीची गाणी कसली विकताय? संयोजक म्हणायचे, कलाकारांना पैसे कोण देणार? पाणी, संडास, स्टेज याचा खर्च कोण करणार? आणि मला सगळ्यात जास्त विचारात पाडतो तो तिसरा माणूस, ज्याच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. आठवडाभराच्या पगारातून ३ पौंड बाजूला काढून, तिकीट घेऊन आलेला पोरगा. त्याच्या डोळ्यांसमोर पत्रे वाजवले जातायत, तोडले जातायत. जोनी मिचेल गात असताना एक जण स्टेजवर चढला, गोंधळ झाला. तिला डोळ्यांत पाणी आणून लोकांना सांगावं लागलं की जरा आमचाही मान ठेवा. मरे लर्नर या दिग्दर्शकाने हे सगळं कॅमेऱ्यात पकडलंय. फिल्म पडद्यावर यायला मात्र १९९० चं दशक उजाडलं.

शेवटच्या दिवशी महोत्सव फुकट जाहीर झाला. संयोजक तोट्यात गेले. आणि पुढच्याच वर्षी, १९७१ मध्ये, ब्रिटिश संसदेने खास या बेटासाठी कायदा केला. ५ हजारांपेक्षा जास्त लोक उघड्यावर रात्री जमणार असतील तर परवाना लागेल. नंतर तिथला महोत्सव थेट २००२ मध्ये पुन्हा सुरू झाला. म्हणजे टेकडीवाले जिंकले का? त्यांना एक संध्याकाळ मिळाली. त्यांच्या धाकट्या भावंडांना तीस वर्षं काहीच मिळालं नाही.

त्याच १९७० च्या सप्टेंबरमध्ये, हेंड्रिक्स गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी, मायकल ईव्हिस नावाच्या आणखी एका दूधवाल्या शेतकऱ्याने सॉमरसेटमधल्या आपल्या शेतावर छोटा कार्यक्रम केला. तिकीट १ पौंड, त्यात शेतातलं दूध फुकट. दीड हजार लोक आले. हेच पुढचं ग्लॅस्टनबरी. ईव्हिसने टेकडीवाल्यांसारख्या लोकांना आत घेऊन बघितलं. १९८५ मध्ये स्टोनहेंजजवळ भटक्या 'ट्रॅव्हलर' मंडळींना पोलिसांनी बेदम मारलं, त्यांच्या गाड्या फोडल्या. त्यानंतर काही वर्षं ईव्हिसने त्यांना आपल्याकडे फुकट मुक्कामाला जागा दिली. मन मोठं होतं त्याचं. पण १९९० मध्ये महोत्सव संपल्यावर ट्रॅव्हलर आणि सुरक्षारक्षक यांच्यात मोठी मारामारी झाली, आणि १९९१ मध्ये महोत्सवच झाला नाही.

पुढे २००० साली परवाना होता १ लाखाचा, आणि कुंपणावरून उड्या मारून त्याच्या दुपटीच्या आसपास लोक आत. त्यानंतर आठवडाभरातच, ३० जून २००० ला, डेन्मार्कच्या रॉस्किल्ड महोत्सवात स्टेजसमोरच्या चेंगराचेंगरीत नऊ तरुण गेले. तिथे कुणी कुंपण तोडलं होतं असं अजिबात नाही, पण गर्दीकडे बघायची सगळ्यांची नजर बदलली. ग्लॅस्टनबरीने २००१ ला सुट्टी घेतली, आणि २००२ मध्ये उंच, भक्कम भिंत आली. २००७ पासून तर तिकिटावर फोटो, म्हणजे काळाबाजारही बंद. बऱ्याच जणांना वाटलं, संपलं ते जुनं ग्लॅस्टनबरी. मलाही वाचताना वाईट वाटलं. पण मग विचार केला, भिंतीशिवाय नक्की कुणाला जागा मिळते? ज्याला उडी मारता येते त्याला. व्हीलचेअरवाला उडी मारू शकत नाही. लहान मूल कडेवर असलेली बाईही नाही.

बरं, भिंत बांधली म्हणजे प्रश्न मिटला का? नाही! सगळ्यांकडे तिकीट असलं तरी चांगली जागा थोडीच असते. रॉस्किल्डमध्ये तर वर्षानुवर्षं एक प्रथाच होती. कॅम्पिंगचं गेट उघडलं की हजारो पोरं तंबू पाठीवर टाकून धावत सुटायची. जो जोरात पळेल त्याला स्टेजजवळची जागा. बघायला मजा, पण हा न्याय कसला? ही तर शंभर मीटरची शर्यत झाली. नंतर तिथे 'ड्रीम सिटी' नावाचा भाग आला. ज्यांना तिथे राहायचंय त्यांनी महिनोन्‌महिने आधीपासून एकत्र येऊन आपला कॅम्प स्वतः आखायचा, बांधायचा. पळण्याऐवजी राबणाऱ्याला जागा.

मी कोड लिहिते, त्यामुळे एक तुलना करतेच, सांभाळून घ्या. आमच्याकडे एखाद्या प्रोग्रॅमने रिसोर्स लॉक केला आणि वापरलाच नाही, तर बाकी सगळे ताटकळत बसतात. लॉक घेणाऱ्याने नियम मोडलेला नसतो. तरी सिस्टिम ठप्प. माझी ताडपत्री म्हणजे तोच लॉक होता.

यावरचं उत्तर मला कॉम्प्युटरच्या पुस्तकात नाही, गायींच्या गोष्टीत मिळालं. एलिनॉर ऑस्ट्रॉम. अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणारी पहिली स्त्री, २००९ मध्ये. तिने जगभरची सामायिक कुरणं, मासेमारी, पाटाचं पाणी यांचा अभ्यास केला आणि दाखवून दिलं की हार्डिन म्हणतो तसं दरवेळी होत नाही. लोक आपापसांत नियम करून शतकानुशतकं कुरणं टिकवतात. तिचं एक उदाहरण स्वित्झर्लंडमधल्या टोरबेल गावाचं आहे. १५१७ सालचा नियम असा : हिवाळ्यात जेवढ्या गायी तुम्ही स्वतः घरी पोसू शकता, तेवढ्याच उन्हाळ्यात सामायिक कुरणावर सोडायच्या.

किती साधं आहे बघा! आधी कोण आला हा प्रश्नच नाही. किती पैसे आहेत हाही नाही. खरोखर वापरणार किती, तेवढंच घ्या. आणि नियम गावानेच केलेला, त्यामुळे लक्षही गावच ठेवणार.

आता आमच्या ग्रुपचा नियम ठरलाय. जितकी डोकी हजर, तितकीच जागा. येणाऱ्यांसाठी जागा धरायची नाही. ते आले की मिळेल तिथे लावतील, आणि आम्ही सरकून घेऊ. गेल्या वेळी यावरून एक मित्र चिडला, कारण त्याला संडासाजवळ झोपावं लागलं. मग आम्ही दुसऱ्या रात्री त्याच्याशी जागा बदलली. भांडण मिटलं, पण वास काही मिटला नाही!

त्या काकांचा नंबर घ्यायचा राहिला. ती मुलगी आता सातेक वर्षांची असेल. सकाळी निघताना त्यांनी आम्हाला थँक्यू म्हटलं होतं, आणि मला ते अजून टोचतं. कारण त्यांनी आधीच विचारलं होतं, "इथे कोणी आहे का?" आणि खरं उत्तर होतं, "नाही, काका. या ना."

तर मंडळी, तुम्ही कधी अशी जागा धरलीये का? किंवा कुणाच्या रुमालामुळे उभे राहिलायत? व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या भागात ऐकवीन. तोपर्यंत, शेजारी कोणी उभं असेल तर जरा सरकून घ्या. भेटूया!