विज्ञान पदवीधर आणि नोकरीची पूर्वतयारी : बंगळुरूचा अनुभव

विज्ञान शाखेचे पदवीधर प्रत्यक्ष कामासाठी कितपत तयार असतात, या प्रश्नाला बंगळुरूच्या उद्योगांना बराच आधी तोंड द्यावे लागले. विप्रो कंपनीने १९९५ साली पिलानीच्या ‘बिट्स’ या संस्थेच्या सहकार्याने विज्ञान पदवीधरांसाठी चार वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. निवड झालेले विद्यार्थी विद्यावेतनावर कंपनीत काम करीत आणि त्याच काळात सॉफ्टवेअर विषयातील पदव्युत्तर शिक्षणही पूर्ण करीत. दहा वर्षांनी, २००५ मध्ये, नॅसकॉम आणि मॅकिन्झी यांच्या अहवालाने बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या कामास योग्य अभियंत्यांचे प्रमाण सुमारे २५ टक्के, तर सामान्य पदवीधरांचे १० ते १५ टक्केच असल्याचे नमूद केले.

जैवतंत्रज्ञान उद्योगात ही उणीव अधिक ठळकपणे दिसते. उत्तर आधीच ठाऊक असलेला प्रयोग करावयाचा, निरीक्षणे सुवाच्य अक्षरांत जर्नलमध्ये उतरवावयाची आणि शिक्षकांची सही घ्यावयाची, ही पद्धत महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांनाही अपरिचित नाही. औषधनिर्मितीत मात्र प्रत्येक नोंद काम होत असतानाच, दिनांक व स्वाक्षरीसह करावी लागते. चुकलेला आकडा खोडून नाहीसा करता येत नाही. मूळ आकडा वाचता येईल अशी एकच रेघ मारून त्याशेजारी दुरुस्ती केली जाते. ज्याची नोंद नाही ते काम झालेच नाही, असे तपासणी अधिकारी मानतात. अपेक्षित उत्तराशी जुळवून घेतलेले निरीक्षण महाविद्यालयात कदाचित खपून जाते. कारखान्यात त्यामुळे औषधाची संपूर्ण बॅच नाकारली जाऊ शकते.

ही दरी भरून काढण्यासाठी बायोकॉन कंपनीने २०१३ साली बंगळुरूत बायोकॉन अकॅडमी स्थापन केली. अमेरिकेतील केक ग्रॅज्युएट इन्स्टिट्यूटच्या सहकार्याने तेथे जैवविज्ञानाच्या पदवीधरांसाठी प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू झाला. अशा संस्थांमधील जागा मर्यादित असतात. शिवाय पदवी मिळाल्यानंतरही आणखी काही महिने शिकत राहणे प्रत्येक कुटुंबाला परवडतेच असे नाही.

कर्नाटकाने २०२१-२२ मध्ये चार वर्षांची पदवी स्वीकारली आणि २०२४-२५ पासून पुन्हा तीन वर्षांच्या पदवीकडे वळण घेतले. कालावधीच्या या चर्चेत प्रात्यक्षिकांच्या स्वरूपाकडे तुलनेने कमी लक्ष गेले. शिकाऊ उमेदवारीचा मार्ग त्या मानाने अधिक उपयुक्त वाटतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन अभियांत्रिकीखेरीज इतर पदवीधरांनाही तो खुला झाला. पदवी अभ्यासक्रमातच अशा उमेदवारीचा समावेश करण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांद्वारे दिली. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवार प्रशिक्षण योजनेत पदवीधरांच्या किमान विद्यावेतनाचा निम्मा भार केंद्र सरकार उचलते.