रेणवीय लोहचुंबकत्व

ज्या घन पदार्थाचे घटक रेणू किंवा रेणवीय आयन असतात, त्यात एका ठरावीक तापमानाखाली (क्यूरी तापमान) आपोआप उद्भवणारे चुंबकत्व. धातूचे चुंबक भट्टीत घडतात. हे पदार्थ काचपात्रात, विद्रावातून, बहुधा फारसे न तापवता बनवता येतात.

चुंबकत्वासाठी बिनजोडीचे इलेक्ट्रॉन लागतात. बहुतेक कार्बनी रेणूंत सगळे इलेक्ट्रॉन जोडीने नांदतात. मुक्त मूलकांत एखादा एकटा उरतो. पण असे दोन मूलक जवळ आले की त्यांच्या एकट्या इलेक्ट्रॉनांची परिवलने (स्पिन) उलट दिशांनी लागतात, कारण रासायनिक बंधाची वाट तीच. घोडे पेंड खाते ते इथेच. हार्डेन मॅककॉनेल यांनी 1963 मध्ये यावर तोड सुचवली : एका रेणूवरील धन परिवलन-घनतेचा भाग शेजाऱ्यावरील ऋण घनतेच्या भागासमोर आणावा, म्हणजे रेणूंची एकूण परिवलने समांतर राहतील. कागदावर हे सोपे दिसते. स्फटिकात रेणूंनी कसे बसावे हे मात्र रसायनशास्त्रज्ञाच्या हाती क्वचितच असते.

अठराव्या शतकापासून रंग म्हणून वापरात असलेला प्रशियन ब्लू 5.6 केल्व्हिनखाली लोहचुंबक होतो. जोएल मिलर आणि आर्थर एप्स्टाइन यांनी 1980 नंतरच्या दशकात डेकामिथिलफेरोसीन व टेट्रासायानोएथिलीन यांच्यापासून बनवलेल्या लवणाचे क्यूरी तापमान 4.8 केल्व्हिन भरले. 1991 मध्ये मिनोरू किनोशिता यांच्या जपानी गटाने धातूचा अंशही नसलेला, केवळ कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा लोहचुंबक दाखवला. त्याचे क्यूरी तापमान जेमतेम 0.6 केल्व्हिन.

त्याच वर्षी मिलर-एप्स्टाइन गटाने व्हॅनेडियम व टेट्रासायानोएथिलीन यांची काळी, अस्फटिकी पूड जाहीर केली. नेहमीच्या तापमानाला ती चुंबकाकडे ओढली जाते. तापवल्यास सुमारे 350 केल्व्हिनला तिचे विघटन होते, पण तोवर चुंबकत्व टिकून असते. हवा मात्र तिला मुळीच सोसत नाही. काटेकोरपणे पाहता हा लोहचुंबक नव्हे, फेरीचुंबक आहे : व्हॅनेडियमच्या तीन बिनजोडीच्या इलेक्ट्रॉनांविरुद्ध दोन कार्बनी मूलकांचा प्रत्येकी एक उभा राहतो आणि बाकी एक उरते. मिशेल व्हेर्दाग्वेर यांच्या गटाचा 1995 मधील व्हॅनेडियम-क्रोमियम प्रशियन ब्लूही (315 केल्व्हिन) याच वजाबाकीवर चालतो. त्याच कुळातील सीझियम-निकेल-क्रोमियम सायनाइड हा खरा लोहचुंबक, पण त्याची मजल 90 केल्व्हिनपर्यंतच. विरुद्ध परिवलनांची जुळणी निसर्गाला सोपी जाते. म्हणून नेहमीच्या तापमानाची शर्यत फेरीचुंबकांनी जिंकली, यात नवल नाही. 2020 मध्ये क्रोमियम-पायराझीन वर्गातील पदार्थाने तर 242° से. गाठले, तोही फेरीचुंबकच.

मँगनीजच्या बारा अणूंच्या समूहासारखे ‘एकरेणू चुंबक’ या नोंदीत मोडत नाहीत. त्यांत प्रत्येक रेणू स्वतंत्रपणे चुंबकन राखतो.

व्हॅनेडियमच्या पदार्थाचे पातळ पटल सुमारे 50° सेल्सिअसला, बाष्पापासून चढवता येते. त्यातील सूक्ष्मतरंग-अनुस्पंदनाचा क्षय अत्यल्प असल्याने सूक्ष्मतरंगांच्या क्षेत्रात वर्षानुवर्षे वापरल्या जाणाऱ्या यिट्रियम-लोह गार्नेटशी त्याची तुलना होते.