प्राग : जुन्या नगरीचा चौक

चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग येथे, व्हल्तावा नदीच्या उजव्या तीरावरील जुन्या नगरीचा हा मुख्य चौक मध्ययुगीन बाजारपेठेतून आकारास आला. नगरभवनाच्या मनोऱ्यावरील खगोलीय घड्याळ १४१० मधील असून, दिवसा दर तासाला मृत्यूचे प्रतीक असलेला सांगाडा दोरी ओढून घंटा वाजवितो आणि वरच्या दोन झरोक्यांतून ख्रिस्तशिष्यांच्या मूर्ती सरकत जातात; प्रेक्षकांची झुंबड उडते ती या क्षणिक खेळासाठी, सूर्यास्तापासून तास मोजणारी जुनी चेक कालगणना दाखविणाऱ्या बाहेरच्या कड्याकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते.

त्याच मनोऱ्याच्या पायथ्याशी फरसबंदीत बसविलेले २७ पांढरे क्रूस अधिक मननीय होत : हॅब्सबर्ग बादशहा दुसरा फर्डिनांड याच्याविरुद्धचे बंड १६२० मध्ये मोडून पडल्यावर त्यातील २७ पुढाऱ्यांना २१ जून १६२१ रोजी येथे जाहीरपणे देहान्त शासन झाले व बंडखोरांच्या जहागिरी जप्त होऊन बादशहाच्या मर्जीतील सरदारांकडे गेल्या. धर्मसुधारक यान हुस याचे भव्य स्मारक (१९१५) त्याच्या दहनास ५०० वर्षे झाल्यानिमित्त उभारलेले आहे. समोरच्या टीन चर्चमध्ये ज्योतिर्विद ट्यूको ब्राहे याची समाधी आहे. मे १९४५ मधील लढाईत जळालेला नगरभवनाचा एक भाग पुन्हा बांधलेला नाही. मनोऱ्यावर मात्र जाता येते व त्यासाठी लिफ्टचीही सोय आहे.