मृगयेचा हंगाम

शिकारीस उत्तम ऋतू कोणता, हा प्रश्न वरवर पाहता केवळ शिकाऱ्याच्या सोयीचा दिसतो. परंतु इतिहासाच्या अंगाने तो विचारला म्हणजे त्याच्या पोटात दुसराच एक प्रश्न दडलेला आढळतो. तो ऋतू उत्तम खरा, पण कोणाला? राजाला, शेतकऱ्याला, रजा काढून आलेल्या साहेबाला, की खुद्द सावजाला? या चौघांची पंचांगे निरनिराळी आहेत. ती एकमेकांशेजारी मांडून पाहण्याचा आमचा या लेखात विचार आहे; आणि त्यासाठी महाड-पोलादपूरच्या डोंगराळ मुलुखातील उमरठ या गावाइतके सोयीचे ठिकाण आम्हांस दुसरे दिसत नाही.

उमरठचे नाव महाराष्ट्रात सर्वतोमुखी झाले ते तानाजी मालुसऱ्यांमुळे. त्यांची व शेलारमामांची समाधी या गावी आहे. पोलादपुराहून उमरठावरून ढवळ्याकडे जाणारी वाट चंद्रगडाच्या पायथ्याशी पोचते. वर महाबळेश्वरचे कडे उभे आहेत आणि प्रतापगडही येथून दूर नाही. एके काळी जावळीचे रान म्हणून ज्याचा धाक होता ते हेच. सांबर, भेकर, रानडुक्कर, साळिंदर, रानकोंबडा ही या रानाची जुनी प्रजा. माथ्यावर वर्षास दोनशे इंचांहून अधिक पाऊस पडतो, आणि तोही बहुतेक सारा चार महिन्यांत. अशा मुलुखात ऋतूची निवड माणसाने करण्याआधी पावसानेच केलेली असते.

जूनच्या 7 तारखेच्या सुमारास सूर्य मृग नक्षत्री येतो व शेतकरी पावसाची वाट पाहू लागतो. आपल्या पूर्वजांनी आकाशात जे मृग कल्पिले त्याच्या पोटात तीन ताऱ्यांचा बाण रुतलेला आहे आणि मागे व्याध उभा आहे. मार्गशीर्षात हे मृग रात्रभर दिसते. ज्येष्ठात सूर्याच्या तेजात ते लोपते. पृथ्वीवरील मृगयाही पुष्कळ अंशी याच क्रमाने चाले. पावसात ओढे अडतात, माग धुऊन जातात, गवत पुरुषभर वाढते, तोड्याच्या बंदुकीची दारू भिजते. शिकारी घरी बसे तो दयेने नव्हे, निरुपायाने. पण त्या निरुपायाचा लाभ मात्र रानाला मिळे.

लढाईचे पंचांगही हेच होते. पावसाळ्यात फौजेने छावणीस यावे आणि दसऱ्यास मुलूखगिरीसाठी बाहेर पडावे, ही शिवकालीन रीत सभासदाने आपल्या बखरीत नोंदवली आहे. अफजलखानाने पावसाळा वाईस काढला व प्रतापगडची भेट झाली ती शके 1581 च्या मार्गशीर्षात, म्हणजे 10 नोव्हेंबर 1659 रोजी. पाऊस सरला होता, वाटा खुल्या झाल्या होत्या. परंतु रान अद्याप दाट होते. दबा धरून बसणारास याहून अनुकूल काळ नाही, हे कोणीही शिकारी सांगेल. तानाजींनी सिंहगड घेतला ती रात्र माघ वद्य नवमीची, 4 फेब्रुवारी 1670 ची. मावळ्यांना वाटा, वारा, अंधार यांचे जे ज्ञान होते ते त्यांना रानाने दिलेले होते, असे म्हणावयास हरकत नसावी.

मृगया ही युद्धाची तालीम होय, हा विचार आपल्याकडे फार जुना आहे. राजाच्या व्यसनांची चर्चा करताना कौटिल्याने मृगयेची बाजू घेतली आहे. तिने व्यायाम घडतो, मेद झडतो, स्थिर व चल लक्ष्याचा वेध साधतो आणि क्रोधात व भयात प्राण्याचे चित्त कसे असते ते कळते, असे तो म्हणतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त मृगया हा राजाचा एक विनोद म्हणून सविस्तर वर्णिला आहे. साताऱ्याच्या शाहू महाराजांना शिकारीची अतोनात आवड होती. वाघापासून आपला जीव वाचविणाऱ्या खंड्या नावाच्या कुत्र्याची त्यांनी संगम माहुलीस समाधी बांधविली, अशी कथा प्रसिद्ध आहे. या राजपंचांगात ऋतू निवडला जाई तो राजाचे आरोग्य, घोड्याची चाल आणि सैन्याची फुरसत पाहून.

सावजाच्या बाजूने विचार करणारा राजा झालाच नाही, असे मात्र नाही. सम्राट अशोकाचा आठवा शिलालेख सांगतो की, पूर्वीचे राजे विहारयात्रेस निघत व तीत मृगया चाले. आपण मात्र राज्याभिषेकास दहा वर्षे झाल्यावर धर्मयात्रा सुरू केली. या लेखाचा एक तुकडा 1882 साली भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यास, म्हणजे आपल्या कोकणातच, सापडला ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्याच राजाच्या पाचव्या स्तंभलेखात तर काळाचे बंधन स्पष्टच आहे. कित्येक प्राणी मुळीच मारू नयेत. गाभण अथवा दूध पाजणारी शेळी, मेंढी व डुकरीण आणि सहा महिन्यांच्या आतील पिले मारू नयेत. चातुर्मासाच्या पौर्णिमांस व इतर ठरावीक तिथींस मासे धरू नयेत. विनाकारण वणवे लावू नयेत. मारण्याच्या सोयीचा काळ कोणता यापेक्षा न मारण्याचा काळ कोणता, हा प्रश्न येथे प्रथम राजाज्ञेत आलेला आम्हांस दिसतो.

उमरठच्या आसपासच्या शेतकऱ्याचे पंचांग राजाहून वेगळे. डोंगरउतारावर नाचणी-वरी, खाली भात. भाद्रपदात कणसे धरू लागली की रानडुकरांचे कळप उतरतात. एका रात्रीत वर्षाची भाकरी जाते. म्हणून माळ्यावर जागल करावी लागते. ही शिकार हौसेची नव्हे, राखणीची. तिचा काळ पीक ठरविते. कोकणातील गावपारधीचा काळ निराळा. तो शिमग्याच्या सुमारास, पिके घरात आल्यावर व हाताला काम नसताना येतो. पानगळ झालेली, गवत जळालेले, आणि हाकारे घालावयास सारा गाव मोकळा. मिळेल ते वाटून घ्यावयाचे.

साहेबाचे पंचांग 1828 नंतर या कड्यांच्या माथ्यावर आले. त्या वर्षी मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी महाबळेश्वरी आरोग्यस्थान वसविले. पुढे उन्हाळ्यात मुंबई सरकारचा मुक्कामच तेथे पडू लागला. हिंदुस्थानभर गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिकारीचा भर चैत्र-वैशाखात असे. कॅप्टन फोर्सिथच्या मध्य हिंदुस्थानावरील 1871 च्या ग्रंथासारखी पुस्तके वाचली म्हणजे त्याचे कारण कळते. ओढे आटतात, सारे रान दोनचार पाणवठ्यांवर येते, झाडी विरळ होते, धुळीत माग स्वच्छ उमटतो. मारण्यास सर्वांत सोपा काळ तो हाच. त्यात ठासणीच्या बंदुकीची जागा काडतुसाच्या रायफलीने घेतली, तेव्हा सोय दसपट वाढली.

आता चौथे पंचांग पाहू. सांबराचा माज हिवाळ्यात येतो व पाडसे बहुधा पावसाच्या तोंडाशी जन्मतात. म्हणजे वैशाखात पाणवठ्यावर येणारी सांबरी पोटात पूर्ण वाढत आलेले पाडस घेऊन येते. उन्हाळ्यात नराची शिंगे गळून पडतात; सबब चांदण्यात नर-मादी ओळखणेही कठीण. रानकोंबडीची अंडी-पिले मुख्यतः फेब्रुवारी ते मे या दिवसांतली. कोरड्या रानातील चौशिंगी मात्र जानेवारी-फेब्रुवारीत विते, आणि ससा तर वर्षभर पिलावळ वाढवितो. सर्व प्राण्यांस एकच निर्भय महिना ठरविता येत नाही. परंतु शिकाऱ्याला जो सर्वांत सोयीचा, तोच सांबराला सर्वांत घातक, एवढे उघड दिसते. पावसाने दिलेले अभय पुरे पडत होते ते हत्यारे दुबळी होती तोवर. हत्यार बदलले, आणि पंचांगाने राखलेले रान पंचांगाला राखवेना.

मग कायद्यास यावे लागले. 1887 च्या कायद्याने विणीच्या काळात रानपाखरांच्या विक्रीस आळा घालण्याची सोय केली. 1912 च्या कायद्याने प्रांतिक सरकारांस निरनिराळ्या प्राण्यांसाठी शिकारबंदीचा काळ ठरविण्याचा अधिकार दिला. 1951 साली मुंबई राज्याने आपला स्वतंत्र कायदा केला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही परवान्याची वाट काही काळ उघडी ठेवली होती; 1991 च्या दुरुस्तीने ती बंद झाली. माथ्यापलीकडे कोयनेचे रान 1985 पासून अभयारण्य आहे, आणि 2010 पासून सह्याद्री व्याघ्रप्रकल्पाचा भाग आहे.

काळाचे बंधन पुरले नाही म्हणून संपूर्ण बंदी आली, हा या इतिहासाचा निष्कर्ष आम्हांस वाटतो. त्यात अभिमान वाटण्यापेक्षा विचार करण्याजोगे अधिक आहे. जे आमच्या पूर्वजांचे संयम म्हणून आपण कौतुकाने सांगतो, त्यांतील बरेचसे संयम नव्हते, अडचणी होत्या. अडचण सरली तेव्हा संयम किती होता ते कळले. आणि राजाची मृगया व साहेबाची रजा इतिहासजमा झाली, तरी नाचणीच्या शेताची राखण संपलेली नाही. रान राखण्याचा भार ज्याच्या कणसांवर पडतो त्याचे पंचांग विसरून केलेला कोणताही नियम गावाच्या मनात फार काळ टिकणार नाही, हे नियम करणारांनी ध्यानी धरावे.